आतड्यांची वकीलबाई

माझ्या पोटातून पडलेले खडे मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून समोरच्या फ्लॅटमधल्या नाखवा मॅडमना दाखवायला नेले. ते खडे नव्हते.

झालं होतं असं, की मोबाइलवरच्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी मला यकृत आतून धुऊन काढायला सांगितलं. आधी कसलंसं कडू रेचक मीठ प्यायचं, मग वाटीभर ऑलिव्हचं तेल आणि त्यात लिंबाचा रस. सकाळी पित्ताचे हिरवे खडे बाहेर पडतात आणि माणूस वीस वर्षांनी तरुण होतो, असं ते म्हणाले. मी तरुण झालो नाही. बसून बसून पाय तेवढे बधिर झाले. पण खडे पडले! हिरवे, गुळगुळीत, वाटाण्याएवढे. बिनऑपरेशनचं पित्ताशय रिकामं केल्याचा मला इतका अभिमान वाटला, की ते टाकवेनात. (तो डबा आमच्या हिनं नंतर फेकून दिला. आणि चहाची गाळणीही. गाळणीबद्दल कृपया विचारू नका.)

मॅडमनी दार उघडलं, डब्याकडे पाहिलं. "श्रीखंड?"

"नाही. खडे. माझे."

दुसरं कुणी असतं तर दार लावून घेतलं असतं. मॅडमनी झाकण काढलं आणि सोनार दागिना पारखतो तसं आत पाहिलं. शिसारी हा प्रकारच त्यांना नव्हता. डबा बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात ठेवला, मला बसवलं, चहा टाकला. चहा संपल्यावर म्हणाल्या, "जा, बघून ये तुझे खडे."

डब्यात तळाला हिरवट तेलाचं थारोळं होतं.

"दगड उन्हात वितळतो का रं सामंत?"

"नाही."

"मग ह्यो साबन हाय! तू तेल प्यालास, लिंबू प्यालास. आतल्या बिचाऱ्या रसांनी जमेल तसा तुझा गाढवपणा निस्तरला, त्याचे गोळे वळले आणि बाहेर लोटले. आणि तू त्यांच्यावरच आळ घेतोस, की तुम्ही खडे साठवून ठेवले होते म्हणून? अरे, लाज वाटत नाही?"

लाज वाटत होतीच, पण आपल्या पित्ताशयाची माफी मागावी अशी लाज मला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. हे मॅडमचं वैशिष्ट्य. माणसं त्यांना कधी फार आवडली नाहीत, आतडी आवडायची. आतड्यांच्या बाजूनं त्या वकीलपत्र घेतल्यासारख्या भांडायच्या, आणि आरोपी बहुतेक वेळा आमच्या मजल्यावरच मिळायचा.

एका मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीराचं कार्य कसं चालतं हा विषय जन्मभर शिकवला होता. नेरूळच्या आमच्या सोसायटीत सगळे कुठून कुठून आलेले. कुणी देशावरचे, कुणी आमच्यासारखे कोकणातले, कुणी परळ-दादरहून जागा पुरेना म्हणून. कुठूनही न आलेल्या अशा एकट्या मॅडम. त्या इथल्याच सारसोळे गावच्या कोळणीची मुलगी. गाव जागेवरच होता, शहर त्याच्या दाराशी येऊन बसलं. वर्गात शिकवताना त्यांची भाषा छापील असे म्हणतात. मी छापील फार थोडी ऐकली. राग चढला की सारसोळं वर यायचं, आणि राग चढलेलाच असायचा.

"पोट दुखतंय" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "कुठं? बोट ठेव." आपण बेंबीवर हात ठेवायचा. "ते जठर नाही. जठर वर, डाव्या बरगड्यांखाली. तुझं घर कुठल्या मजल्यावर हे तुला ठाऊक हाय, जठर ठाऊक नाही!" ऐरोलीच्या ऑफिसात परदेशी लोकांच्या वेळा सांभाळून मी अवेळी वडापाव खायचो आणि लगेच आडवा व्हायचो. छातीत जळजळ. मी म्हणालो, "मॅडम, माझं ॲसिड फार वाढलंय." त्या उखडल्याच. "वाढलं नाय, वर आलंय! जठरातलं आम्ल जागेवर बसून काम करतंय. इतकं जहाल, की स्वतःच्याच भिंती खाईल. म्हणून जठर भिंतींना आतून बुळबुळीत लेप देतं, झिजेल तसं नवं अस्तर घालतं. स्वतःला न जाळता आग सांभाळायची, हे काम करून दाखव तू! आणि तू खाऊन पालथा पडतोस, वरचं दार सैल करतोस, आणि नाव कुणाचं? ॲसिडचं!"

रागाचा एक भाग मात्र त्या हातानं दाखवायच्या, आणि तो पाहण्यासारखा असायचा. रविवारी सारसोळ्याच्या जेट्टीवरून त्या मासे आणायच्या आणि कोळणीकडून कापून कधीच घ्यायच्या नाहीत. एकदा मला हाक मारली. ओट्यावर एक जिताडा आणि एक बोय, दोन्ही पोटाशी चिरलेले. "हा जिताडा. खाडीतला दादा. दुसऱ्या माशाला अख्खा गिळतो. बघ ह्याचं आतडं, केवढंसं! तयार मांस मिळतं, फार खटपट नको." मग त्यांनी बोयीचं आतडं बोटानं ओढायला सुरुवात केली. ते येतच राहिलं, येतच राहिलं. स्वेटरची लोकर उसवावी तसं. "ही बोय. चिखल खाते, शेवाळ खाते. चिखलातून पोसायचं म्हणजे केवढी यातायात, म्हणून एवढी लांबी. आणि लोक काय म्हणतात? बोय म्हणजे चिखलातली, हलकी. अरे, चिखलाचं मांस करून दाखवते ती!"

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपण मधले. सगळंच खातो आणि सगळ्यालाच नावं ठेवतो."

त्या दिवशी बोयीचं कालवण त्यांनी आमच्याकडे पाठवलं. मी खाल्लं. ते आतडं डोळ्यांसमोरून जाईना, पण न खाण्याची हिंमत नव्हती.

सोसायटीच्या सहलीला कुणीतरी म्हणालं, घास गिळला की तो आपल्या वजनानं खाली पडतो, त्यात शरीराचं कसलं कौशल्य? झालं. मॅडमनी चौफेर पाहिलं आणि नजर नेमकी माझ्यावर थांबली. पुढच्या क्षणी मी बागेतल्या बाकावर उताणा, डोकं खाली लोंबतंय, पाय बाकाच्या पाठीवर चढवलेले, आणि तोंडात नारळपाण्याची नळी. "घे घोट." घेतला. "कुठं गेला?" "वर," मी म्हणालो. म्हणजे पोटाकडे. "पडला का?" "नाही. गेला." "ढकलला!" मॅडम साऱ्या सहलीला उद्देशून गरजल्या. "अन्ननलिकेच्या स्नायूंनी मागून आवळत आवळत ढकलला. गाढव उलटं टांगलं तरी त्याचा घास पोचवतात ते! तुमचं एक पार्सल वेळेवर पोचत नाही." त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर अजून आहे. त्यात अन्ननलिकेचं कौशल्य दिसत नाही, माझ्या नाकपुड्या दिसतात.

अशा बाईला आतड्याचाच कर्करोग व्हावा, याला काय म्हणावं? मॅडम काही म्हणाल्या नाहीत. म्हणजे नशिबाला काही म्हणाल्या नाहीत. स्वतःला भरपूर म्हणाल्या. कित्येक महिने त्यांना रक्त दिसत होतं, आणि जन्मभर दुसऱ्यांना झापणाऱ्या त्या बाईंनी स्वतःची समजूत घातली होती, की मूळव्याध असेल. "विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर पेपर तोंडावर फेकला असता मी," त्या हॉस्पिटलातून आल्यावर म्हणाल्या. शेवटचा भाग काढावा लागला होता. मोठ्या आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला आणून तिथे वाट करून दिली होती, आणि तिच्यावर पिशवी. कायमची.

मी आणि आमची ही पेरू घेऊन भेटायला गेलो होतो. (बद्धकोष्ठावर चांगले म्हणून. हो, मीच तो.) त्यांनी पेरू हिच्या हातात परत दिले आणि मला सगळं समजावून सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं पोट असावं. वरचं सगळं जागच्या जागी आहे. लाळ आहे, जठर आहे, पित्त आहे, अन्नातलं सत्त्व शोषून घेणारं ते लांबलचक लहान आतडं अख्खं आहे. मोठं आतडं पाणी शोषतंय. "फक्त दरवाजा हलवला. आणि ह्या दरवाज्याला कडी नाही. आवळून धरणारा स्नायू तिथे नसतो. त्यामुळे तो माझं ऐकत नाही, त्याला वाटेल तेव्हा बोलतो."

तो लिफ्टमध्ये बोलला.

सकाळची वेळ. लिफ्टमध्ये मी, आमचे चेअरमन चौगुले, वरच्या मजल्यावरच्या दोन बायका आणि मॅडम. शांततेत पिशवीतून स्पष्ट आवाज आला. एकीनं पदर नाकाला लावला. वास नव्हता, पण पदर लावला. चौगुले लिफ्टमधले आकडे वाचू लागले. मी, आमच्या घरच्या संस्कारांप्रमाणे, "सॉरी, माझा होता," असं म्हणून वेळ मारून न्यायचं ठरवलं आणि तोंड उघडलं.

"गप रे," मॅडम म्हणाल्या. "माझा हाय. तुमच्या सगळ्यांच्या आतपण आत्ता हेच चाललंय. तुम्हाला दाबता येतं, मला येत नाही, एवढाच फरक. आणि आता विषय निघालाच हाय तर सांगते. रक्त दिसलं तर लाजू नका, डॉक्टरकडे जा. मी लाजले, बघा काय झालं." तळमजला आला. "चौगुले, तुम्ही पण. वय झालंय तुमचं."

चौगुल्यांच्या पोटात हे शब्द किती खोल गेले, ते पुढे गणपतीत कळलं.

आमच्या सोसायटीच्या गणपतीला एक दिवस महाप्रसाद असतो आणि त्या दिवशीच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक बायका सोसायटीच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात एकत्र बसून करतात. मोदकांची मुख्य म्हणजे नाखवा मॅडम. त्यांची उकड लोण्यासारखी, पारी इतकी पातळ की आतलं सारण सावळं दिसावं, आणि कळ्या एकसारख्या. आपण कोकणातल्या म्हणून आमची ही, म्हणजे नीता, आधी नाक उडवायची. एक मोदक खाल्ल्यावर ती मॅडमच्या शेजारचा पाट धरून बसायला लागली. देवापुढे जाणारं पहिलं ताट मॅडमच्या हातचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

त्या वर्षी कमिटीच्या मीटिंगमध्ये चौगुले घसा साफ करत म्हणाले, "आमचं तसं काही नाही हो. मॅडमबद्दल आदरच आहे. पण काही लेडीजचं म्हणणं आलंय. नैवेद्याचं काम आहे, सोवळ्याचं. ती... ते... सोबत असताना..."

"काय सोबत असताना?" मी विचारलं.

"आता तुम्ही समजून घ्या ना सामंत. तुम्ही शेजारी. तुमचं बोलणं गोड. त्यांना जरा सांगा, यंदा आराम करा म्हणून. त्यांच्या तब्येतीचीच काळजी आहे आपल्याला."

मला संताप आला. खरंच आला. ऑपरेशन झालेली बाई चालते, वर्गणी मागायला चालते, तिच्या हातचे मोदक इतकी वर्षं चालले. पण तिच्या पोटात जे आहे ते आमच्याही पोटात आहे याची आठवण तिच्यामुळे होते, एवढंच चालत नाही! सोवळं नेसून बसणाऱ्याच्या आतड्यात काय अत्तर असतं? हे सगळं मी त्या मीटिंगमध्ये बोललो असतो तर हे व्यक्तिचित्र माझं झालं असतं. मी म्हणालो, "बघतो." आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन मॅडमकडे गेलो.

"कुणी पाठवलं?" पेढे बघताच त्यांनी विचारलं.

"तसं नाही. तुमच्या तब्येतीची काळजी म्हणून..."

"सामंत."

मी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पेढ्यांचा बॉक्स बंद करून माझ्याकडे सरकवला. नंतर बोलल्या तेव्हा आवाज खाली होता, आणि तो मला आरडाओरड्यापेक्षा जड गेला.

"माझी आई मासळी विकून घरी यायची. बसमध्ये लोक नाकाला रुमाल लावायचे. ती सीटवर बसायची नाही, दाराशी उभी राहायची. मला म्हणायची, त्यांचं पन बरोबर हाय गो, वास येतोच. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण दाराशी उभं राहायचं नाही." मग एकदम भडकल्या. "आणि नाव काय देवाचं? लंबोदर! ज्याच्या पोटाची आरती करता, त्याच्या नैवेद्याला पोटाची शिसारी? हात धुते मी. तुमच्यापेक्षा जास्त वेळा धुते, मला धुवावेच लागतात. जा, सांग चौगुल्याला, मी येनार."

"मॅडम, तिथे कुणी काही बोललं तर?"

"तर बोलू दे. मला मोदक करायचेत. भांडायला यायचं असतं तर रिकाम्या हातानं आले असते. माझी तांदळाची पिठी दळून आलीय."

महाप्रसादाच्या सकाळी त्या आल्या. पिठीचा डबा, हळदीची पानं, स्वतःचा पाट. स्वयंपाकघरातलं बोलणं बंद पडलं. मी दारात उगाचच नारळ मोजल्यासारखं करत उभा होतो, त्यामुळे पाहिलं. मॅडम भिंतीशी बसल्या, हात धुतले, परत धुतले, आणि समोर हात पसरून थांबल्या. उकडीची परात पलीकडे होती. ती सरकवायला कुणी हलेना. त्या लिफ्टमधल्या पदरवाल्या बाई सारण ढवळत राहिल्या, ढवळत राहिल्या. एवढं सारण ढवळायचं नसतं.

मग आमची नीता उठली, परात दोन्ही हातांनी उचलली आणि मॅडमसमोर आदळली. "मळा. माझ्यानं नीट होत नाही." नंतर माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही काय बघताय? नारळ काय पळून जातायत?"

मॅडमनी उकड मळली. कळ्या पाडल्या. मध्येच पिशवीचा आवाज झाला. "ते काम करतंय, तुम्ही पण करा," त्या मान वर न करता म्हणाल्या. एक तरुण सूनबाई फिस्सकन हसली, आणि मग हळूहळू बोलणं सुरू झालं. सगळ्यांचं नाही. पदरवाल्या बाई डोकं दुखतंय म्हणून निघून गेल्या. पण पहिलं ताट मॅडमच्या हातचं गेलं. चौगुल्यांनीच आरती केली. ताटाकडे न बघता केली, पण केली.

पंगत बसली. मॅडम माझ्यासमोरच्या ओळीत. दमल्या होत्या, तोंड पांढरं पडलं होतं, तरी डोळ्यांत मोदकाची वाट होती. मोदक वाढले गेले, वर तूप. सगळे खाऊ लागले. सगळे, असं मला वाटलं. मग दिसलं, की काही पानांवर मोदक तसाच आहे. भात खाल्ला जातोय, भाजी संपतेय, मोदक कडेला सरकवलाय. चौगुल्यांच्या पानावर तर त्यावर पापड झाकलेला. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी ते माझ्या आधीच पाहिलं होतं.

मीटिंगमध्ये गिळलेला सगळा संताप तेव्हा वर आला. अवेळी, माझ्या ॲसिडसारखा. मी उठलो, आरतीचा माइक घेतला आणि बोलायला लागलो. भाऊ-भगिनींनो, म्हणालो, या मोदकाचं आपल्या आत काय होतं? आणि सांगितलं. लाळेपासून सुरुवात केली. जठरात त्याचा कसा लगदा होतो. त्यात हिरवं पित्त कसं मिसळतं. आतड्यात तो कुठे कुठे फिरतो, शेवटी त्याचा रंग कसा बदलतो. आणि प्रत्येकाच्या, चौगुल्यांच्यासुद्धा, आत्ता या क्षणी नेमकं कुठे काय साठलेलं आहे. मॅडमकडून जे जे शिकलो ते सगळं. आवाज चढत गेला. मला वाटलं, हॉल स्तब्ध झालाय.

हॉल स्तब्ध झालाच होता. जे मोदक खात होते, त्यांनीही हातातला घास खाली ठेवला होता. त्या हसऱ्या सूनबाईनं तोंडाला रुमाल लावला होता. न खाल्लेले मोदक मूठभर होते. माझ्या भाषणानंतर सगळ्याच पानांवर दिसू लागले.

मॅडम पुढच्या पावसाळ्याच्या आत गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला त्या महाप्रसादाच्या पंगतीतल्याच दिसतात. डाव्या हातानं पोटावरची साडी सारखी करत, उजव्या हातात तुपानं माखलेला अर्धा मोदक. साऱ्या हॉलमध्ये त्या एकट्याच शांतपणे खात होत्या. त्यांनी तो मोदक संपवला, बोटं चाटली, वाढप्याला खूण करून दुसरा मागून घेतला, आणि मग माझ्याकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सामंत, चौगुल्यानं फक्त स्वतःचा मोदक टाकला. तू अख्ख्या पंगतीला उपाशी ठेवलंस. माइक ठेव आणि जेवायला बस, गाढवा."